चांदीच्या गळ्यातला पट्टा

भिमाजी डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा ओढून काढला, बादलीत हात बुडवले आणि मान हलवली.

"नाना, नाय धरली."

गोटीराम नाना चांदीची शेपटी धरून उभे होते. त्यांनी ती सोडली नाही.

"नीट बघितलं का?"

"नीटच बघितलं. पिशवी मोकळी हाय. तिसरी खेप ही."

गोठ्याच्या दारात वैरणीचा भारा घेऊन आलेली सुवर्णा तिथेच थबकली. चांदीला तिनंच बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आता ती पहिल्या वेतातली गाय होती. दूध उतरत चाललं होतं आणि ती गाभण राहत नव्हती.

सिन्नर तालुक्यातल्या त्यांच्या गावात कुणाचीही गाय माजावर आली की सासऱ्यांना, म्हणजे नानांना बोलावणं यायचं. ते गाईच्या मागं उभे राहायचे, पाठीच्या कण्यावर दोन बोटं दाबायचे आणि सांगायचे, आज संध्याकाळी भरवा, नाहीतर उद्या सकाळी. भरवायचं म्हणजे डॉक्टरला बोलावून रेतन करायचं. नानांनी सांगितलं की गाय सहसा उलटत नसे, पहिल्याच खेपेला गाभण राहायची. आणि त्यांच्या स्वतःच्या दावणीची गाय तीनदा उलटली होती.

"हिचा मुका माज हाय नाना," डॉक्टर म्हणाले. "ओरडत नाय, उड्या मारत नाय. कधी येती न् कधी जाती, कळायचं कसं?"

"मला कळतंय की," नाना म्हणाले. पण आवाज बसका होता.

कुंपणापलीकडून गावातला भिका चालला होता. त्यानं वाकून विचारलं, "काय नाना, हिच्याबी पाठीवर बोटं दाबली नव्हती का?" आणि हसत पुढं गेला. नानांनी शेपटी सोडली. ते हातपाय धुवायला गेले ते बराच वेळ परतलेच नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी देवळाच्या पारावर बसणं सोडलं.

आठवड्याभरात दूध केंद्रातली हर्षाली स्कूटीवरून आली. पशुवैद्यकाचा कोर्स केलेली, चुणचुणीत मुलगी. केंद्रानं तालुक्यात काही गाईंच्या गळ्यात पट्टे बांधून बघायचं ठरवलं होतं. पट्ट्याला एक डबी होती. गाय किती चालते, किती बसते, किती वेळ रवंथ करते, हे डबी मोजायची आणि आतल्या सिमकार्डावरून फोनवर पाठवायची. गाय कुठं आहे, तेही नकाशावर दिसायचं.

"माजावर आली की हालचाल वाढते, रवंथ कमी होतो. डोळ्याला दिसत नाही इतका फरक असतो," हर्षाली सांगत होती. "लगेच मेसेज येतो. मोठ्यानं बोलूनपण दाखवतो, म्हणजे हात कामात असले तरी कळतं."

"पट्टा कुत्र्याला घालतात," नाना म्हणाले.

सासूबाई नवसाबाई चुलीपुढून उठून आल्या. "घालू द्या की. गळ्यात चार घुंगरं बांधली तवा नाय वो काय बोललात."

सुवर्णानं नवऱ्याकडं पाहिलं. भारत सिन्नरच्या कारखान्यात कामाला होता. रात्रपाळी करून आला होता, डोळे चुरचुरत होते. "घाला," तो म्हणाला. "पर नानांनी नाय म्हटलं तर काढा."

नाना पाठ फिरवून गव्हाणीत कडबा टाकू लागले. हर्षालीनं पट्टा आवळला आणि त्याच्या बकलाला बारीक कुलूप लावलं. चांदीनं मान झटकली, डबी गव्हाणीवर आपटली आणि ती पुन्हा कडबा ओढू लागली.

पहिल्या पंधरवड्यात पट्ट्यानं सुवर्णाची फजिती केली. कांद्याची लागण चालू होती. थंडीचे दिवस, वाफ्यात पाणी सोडलेलं, पोटऱ्यांपर्यंत गारठा चढत होता. बायांच्या ओळीत वाकून ती रोपं खोवत होती, तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन बोलला, "चांदी. रवंथ थांबला आहे. कृपया गाय तपासा."

रोपांची जुडी तिथंच टाकून ती चिखलानं माखलेल्या पायांनी पळत सुटली. बांध ओलांडताना पडली, कोपर सोललं. गोठ्यात पोचली तर चांदी डोळे मिटून निवांत रवंथ करत बसली होती. पट्टा सैल होऊन डबी मानेखाली लोंबत होती.

नाना खाटेवर बसून दावं वळत होते. त्यांनी तिच्या पायांकडं पाहिलं, सोललेल्या कोपराकडं पाहिलं.

"थांबला का रवंथ?"

ती तशीच वळून परत गेली. वावरात बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकीनं विचारलं, "सुवर्णे, तुझ्या गाईचा फोन होता का?" संध्याकाळपर्यंत त्या एकाच गोष्टीवर हसल्या. शेवटी सुवर्णालाही हसू आलं. घरी येऊन तिनं पट्ट्याचं भोक बदललं, दोन बोटं जातील एवढाच तो सैल ठेवला आणि रोज सकाळी धारेआधी तपासू लागली.

पौष सरला आणि नाशिकरोडला तिच्या मावसबहिणीचा, वेदिकाचा साखरपुडा निघाला. सकाळी धार काढून, नव्या काठपदराच्या साडीत सुवर्णा एकटीच निघाली. भारतची सकाळपाळी होती. निघताना नाना ओट्यावर बसले होते.

"येऊ का नाना?"

"ये," ते म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

हॉल माणसांनी भरला होता. ताटं मांडली होती, मुलाकडच्या बाया वेदिकाची ओटी भरत होत्या. भटजींनी सगळ्यांना जरा शांत बसा म्हटलं आणि हॉल शांत झाला. तेवढ्यात सुवर्णाच्या पर्समधून खणखणीत आवाज आला.

"चांदी. माजाची लक्षणे. कृपया ताबडतोब लक्ष द्या."

मुलाकडची एक म्हातारी ओटीचे तांदूळ हातात घेऊन तशीच थांबली. "चांदी कोण?" तिनं विचारलं.

"गाय हाय माझी," सुवर्णा म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. हॉलभर हशा उसळला. वेदिकासुद्धा मान खाली घालून हसत होती. पण सुवर्णा तोपर्यंत चपला शोधत जिन्याकडं निघाली होती. लाज कुठल्या कुठं गेली होती.  तिसऱ्या खेपेपासून ती याच आवाजाची वाट बघत होती.

बाहेर येऊन तिनं ॲप उघडलं. हालचालीची रेघ टेकडीसारखी चढली होती. मग तिनं नकाशा पाहिला आणि तिला काही उमगेना. चांदीचा हिरवा ठिपका गोठ्यात नव्हता. तो सिन्नरच्या रस्त्यावर होता आणि पुढं सरकत होता.

तिनं घरी फोन लावला.

"आत्याबाई, चांदी कुठंय?"

नवसाबाईंनी आवाज खाली आणला. "तुला नाय सांगायचं म्हटले व्हते गं. बाजाराला नेली. फकिरा व्यापाऱ्याला शब्द दिलाय त्यांनी."

"यांना ठावं होतं?"

"भारताला रातच्याला सांगितलं. तो म्हनला, तुमची मर्जी."

भारतचा फोन कारखान्याच्या दारातच जमा होत असे. नानांच्या बटणांच्या फोनवर घंटी वाजून वाजून बंद झाली. सुवर्णा पुन्हा वर धावली आणि भावाला, अश्विनला वाढपाच्या तयारीतून हात धरून बाहेर ओढलं.

"मोटारसायकल काढ."

"अगं, वाढायचं कोण?"

"काढ म्हणते ना. वाटेत सांगते."

पुण्याच्या रस्त्याला लागल्यावर तिनं सगळं सांगितलं. वारा इतका होता की अर्धं त्याला ऐकूच गेलं नाही, पण गाय आणि बाजार एवढं कळलं आणि त्यानं वेग वाढवला. तिनं एका हातानं त्याचा खांदा धरला होता, दुसऱ्या हातात फोन. शिंदे गाव मागं पडलं. ठिपका सिन्नरमध्ये शिरला. मोहदरीच्या घाटात पुढं ट्रक अडकले होते आणि फोनची रेंज गेली. ठिपका गोठल्यासारखा एका जागी थांबला.

"दिसतोय का?" अश्विननं ओरडून विचारलं.

"नाय दिसत. तू चालव."

घाट संपला आणि ठिपका पुन्हा जिवंत झाला. आता तो बाजाराच्या मैदानात होता. अश्विनला हे सगळं एकदम आवडायला लागलं होतं. "पोरीचा साखरपुडा सोडून गाईची वरात गाठायची," तो म्हणाला आणि मोकळा रस्ता दिसताच त्यानं गाडी पिळली.

बाजारात धूळ होती आणि शेणामुताचा, चहाचा, बिडीचा वास होता. गाईंच्या रांगाच रांगा. सुवर्णा साडीच्या निऱ्या एका हातानं उचलून रांगांमधून पळत होती आणि फोनकडं बघत होती. व्यापारी तिच्याकडं वळून बघत होते. कडुनिंबाखाली चांदी दिसली. कपाळावरचा पांढरा चट्टा, गळ्यात पट्टा. फकिरा व्यापारी पिन खुपसून खुपसून त्या कुलपाशी झटत होता. नाना बाजूला उभे होते.

"नाना, गाय देऊ नका."

नानांनी तिला पाहिलं. नवी साडी, धुळीनं भरलेलं तोंड. 

"माजावर आली हाय ती," सुवर्णा म्हणाली. "आत्ता. मेसेज आलाय."

फकिरा हसला. "पोरी, टेम्पोत हादरे बसले तिला. तुझ्या डबीला वाटलं, गाय नाचायला लागली."

आजूबाजूचे दोघे-चौघे हसले.  त्याचं म्हणणं खरं असलं तर? तिनं हर्षालीला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"हर्षाली, गाय टेम्पोत होती. हादऱ्यांनी मेसेज येतो का?"

"येऊ शकतो," हर्षाली म्हणाली. "थांबा, बघते. टेम्पो किती वाजता निघाला?"

सुवर्णानं नानांकडं पाहिलं.

"जेवणं झाल्यावं. ऊन चांगलं वर आलं व्हतं," नाना पुटपुटले.

"मग हादरे नाहीत," हर्षाली म्हणाली. "रेघ पहाटेच चढायला लागलीय. तेव्हापासून रवंथपण निम्म्यावर आलाय. पण एकदा नीट बघून घ्या. मी इथून गाय बघू शकत नाही."

नानांनी चांदीकडं पाहिलं. मग हळू म्हणाले, "सकाळी तिनं वैरणीला तोंड लावलं नव्हतं. मला वाटलं, चाहूल लागली तिला जायची."

ते चांदीच्या मागं गेले. टोपी सारखी केली, कण्यावर दोन बोटं ठेवली आणि दाबली. चांदी हलली नाही. पाठ खाली वाकवून उभीच राहिली. नानांनी शेपटी उचलली, वाकून पाहिलं आणि बोटं लावली. काचेसारखी स्वच्छ तार बोटांना धरून लांब आली. त्यांनी ती दोन बोटांत ताणून उन्हात धरली. तार तुटली नाही.

"आली हाय," ते म्हणाले. मग सुवर्णाकडं वळून पुन्हा म्हणाले, "पोरी, खरंच आली हाय."

 सुवर्णानं चांदीच्या मानेला मिठी मारली.

फकिराचं हसू मावळलं. "आली तर आली. मला बरंच हाय की. नाना, तुम्ही शब्द दिलाय."

"दिलाय."

"मग?"

"गाय द्यायची नाय."

"असं?" फकिरानं आवाज चढवला. "मग हितं चार मानसांत सांगा, गोटीरामनं शब्द मोडला म्हणून. उद्या मला कुणी इचारलं तर मी काय सांगू?"

लोक गोळा झाले होते. नानांनी डोक्यावरची टोपी काढली. पांढरे, घामानं चिकटलेले केस उघडे पडले. सुवर्णानं त्यांना लोकांत असं बोडकं कधी पाहिलं नव्हतं.

"मी शब्द दिला व्हता," नाना म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मीच मोडतो. यात फकिराची चूक नाय. गाय सुनंनं वाढवली, न् मी तिला न इचारता आणली. ती पहिली चूक."

 फकिरानं हातातली पिन फेकून दिली. "न्या. पर पुढं माझ्याकडं जनावर आणू नका."

"नाय आणणार," नाना म्हणाले आणि टोपी घातली.

परतीच्या टेम्पोत सुवर्णा मागं चांदीजवळ उभी राहिली, नव्या साडीतच. नाना पुढं बसायला तयार नव्हते. तेही मागं आले आणि दुसऱ्या बाजूनं गाईला धरून उभे राहिले. अश्विन मोटारसायकल बरोबरीला आणून हात हलवत होता. खड्डा आला की तिघंही एकमेकांवर आदळत. गावाचा फाटा आला. मग नाना म्हणाले, "डॉक्टरला फोन लाव. दिवस मावळताना ये म्हणावं. आधी नको."

"निघताना हर्षालीचा फोन आलेला. तीबी तेच म्हणाली."

"म्हणाली?" नानांच्या तोंडावर बाजारातून निघाल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. "शिकलीय मग पोरगी."

सूर्य कलला तेव्हा भिमाजी डॉक्टर आले. भारत पाळीवरून आला होता, त्याला सगळं दारातच कळलं होतं. तो बायकोच्या समोर येईना. शेवटी त्यानं गरम पाण्याची बादली उचलून आणली आणि तिच्यापाशी ठेवली.

"मी तुला इचारायला पायजे होतं," तो म्हणाला.

"हो," सुवर्णा म्हणाली. "शेपटी धर आता."

त्यानं धरली. डॉक्टरांचं काम झालं.

त्यानंतर घराला वेगळीच हुरहुर लागली. आता फोन वाजू नये असं सगळ्यांना वाटत होतं. गाय पुन्हा माजावर आली तर तीन आठवड्यांच्या आसपास येणार. ते दिवस जवळ आले तसा सुवर्णाचा फोन घरात देवासारखा मधोमध ठेवलेला असायचा. नवसाबाई जाता-येता त्याच्याकडं बघायच्या. एका दुपारी सगळे जेवायला बसले होते आणि तो बोलला.

"चांदी."

भारतचा घास हातातच राहिला. नानांनी डोळे मिटले.

"पट्ट्याची बॅटरी कमी आहे."

नवसाबाईंनी कपाळावर हात मारला. नाना हसायला लागले ते थांबेचनात. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, सुवर्णानं तांब्या पुढं केला. कितीतरी महिन्यांत ते असे हसले नव्हते.

तो आठवडा गेला, पुढचाही गेला. उन्हाळ्याच्या तोंडाला डॉक्टरांनी पुन्हा खांद्यापर्यंत हातमोजा चढवला. आत हात घालून ते वर आढ्याकडं बघत राहिले. चौघं त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"हाय," डॉक्टर म्हणाले. "चांगला हाताला लागतोय."

नवरात्र आटोपलं. कांद्याचं रोप उगवून आलं होतं. भारतला सुट्टी होती. सकाळी बाकीच्या जनावरांच्या धारा काढून झाल्यावर नानांनी चांदीला दावणीतून सोडलं आणि गोठ्याच्या कोपऱ्यात कोरडं पाचट अंथरलं. "पुठ्ठ्याच्या शिरा ढिल्या पडल्यात," ते म्हणाले. "आज विणार ती." ते पाचट पसरत होते तेव्हाच फोननं सांगितलं, "चांदी. अस्वस्थ आहे. प्रसूती जवळ आली आहे."

"मीबी तेच म्हनतोय," नाना फोनला म्हणाले.

दुपारपर्यंत पाण्याची पिशवी फुटली. एक पाय दिसला, नाकाचं टोक दिसलं, दुसरा पाय दिसेना. चांदी कळा देऊन आडवी झाली होती आणि तिच्या अंगाला काटा येत होता. भिमाजी डॉक्टर दुसऱ्या गावात अडकले होते.

नानांनी साबणानं हात धुतले आणि एक हात आत घातला. त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. घाम त्यांच्या हनुवटीवरून ठिबकत होता. त्यांनी हात बाहेर काढला.

"मला जमत नाय. बोटं वळत नाहीत. सुवर्णा, तू घाल."

"मी?"

"हात धू. वरपर्यंत धू."

तिनं बांगड्या सरकवल्या, साबण लावला आणि गुडघ्यांवर बसली. आत गरम होतं आणि कळ आली की हाड मोडेल एवढा दाब बसत होता.

"नाकाच्या खाली जा. गुडघा लागतोय का?"

"लागतोय. दुमडलाय."

"मागं ढकल. कळ नसताना. खुरावर तळहात ठेव, तिला आतून लागू देऊ नको. आता वढ."

तिनं डोळे मिटले. खूर तिच्या तळहातात आलं, निसटलं, पुन्हा आलं. मग काहीतरी सरळ झाल्याचं तिला कळलं आणि दुसरा पाय पहिल्याशेजारी बाहेर आला.

"भारता, धर. कळ आली की वढ. खाली वढ, सरळ नको."

बाप-लेकानं पाय धरले. चांदी हंबरली. डोकं आलं, खांदे आले आणि मग सगळं वासरू एकदम पाचटावर घसरलं. ते हललं नाही. नानांनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, काडी घेऊन नाकपुडीत फिरवली. भारतनं मागचे पाय धरून त्याला उचललं, पुन्हा ठेवलं. सुवर्णा कडब्याच्या मुठीनं बरगड्या चोळत होती, जोरजोरात, दातओठ खाऊन.

वासरू शिंकलं. मग मान हलवली आणि धापा टाकायला लागलं.

"कालवड," नवसाबाई म्हणाल्या. त्यांनी शेपटी उचलून बघितली होती.

चांदी उठली आणि वळून त्या ओल्या जिवाला चाटू लागली. सुवर्णा तशीच बसली होती. खांद्यापर्यंत रक्त, चिकटा आणि पाचटाचा भुगा. ती हसत होती आणि रडतही होती आणि तिला ते थांबवायचं नव्हतं.

नाना उठले. हात धुतले नाहीत, सदरा बदलला नाही. ते तसेच बाहेर पडले, गल्ली ओलांडून देवळाच्या पारापाशी गेले. वर्षभर ते तिथं आले नव्हते. भिका होता, आणखी चार-पाच जण होते. त्यांचा अवतार बघून सगळे उठले.

"नाना, काय झालं?"

"कालवड झाली. आडली व्हती, पाय दुमडून. सुनंनं हात घालून सरळ केला."

"तुम्ही नव्हता का?"

"व्हतो की. माझा हात चालंना, तिचा चालला."

"बसा तरी," भिका म्हणाला आणि पारावर जागा करून दिली. "चहा सांगतो."

"बसायला येळ नाय," नाना म्हणाले आणि लगबगीनं माघारी वळले. "वासरामागची वार पडायची हाय अजून."